डिस्कला नाव द्यायला एमकेएफएस चालवू नका

'लिनक्सवर नवी हार्डडिस्क पाच मिनिटांत' हा मेसेज सध्या ठाण्यातल्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. कोपरीत स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या चुलतभावाने तो मला पाठवला आणि विचारलं, "दादा, आज रात्री करून टाकू का?" त्याच्या डिस्कवर गिऱ्हाइकांना अजून न दिलेलं लग्नांचं शूटिंग आहे. नको रे बाबा!

सगळ्यात घातक वाक्य हे: "डिस्कला नाव द्यायला एमकेएफएस डॅश एल चालवा. डेटाला धक्का लागत नाही. काही विचारलं तर वाय दाबा." अहो, ही फॉरमॅटची कमांड आहे. डॅश एलने नाव लागतं हे खरं, पण ते नव्याने बनवलेल्या रिकाम्या फाइलसिस्टमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या रचनेला. आधीचे फोल्डर आणि फाइलींची नावं गेली. एसएसडी (चिपवाली डिस्क) असेल तर एक्स्ट-फोर ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम बनवताना डेटाचे जुने ब्लॉक सहसा टाकून दिले जातात, मग रिकव्हरीचीही आशा फारशी उरत नाही. आणि ते 'विचारणं' म्हणजे काय? 'इथे आधीच फाइलसिस्टम आहे, तरी पुढे जायचं का?' वाचवणारा शेवटचा प्रश्न तोच, आणि हा मेसेज त्यालाच डोळे झाकून वाय म्हणायला सांगतो.

भरलेल्या एक्स्ट-फोर डिस्कला नाव द्यायचं तर ई-टू-लेबल वापरा. ते सुपरब्लॉकमधलं, म्हणजे फाइलसिस्टमची माहिती असलेल्या भागातलं, फक्त नाव बदलतं. मर्यादा 16 बाइटची. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइट खातं, म्हणून नाव रोमनमध्येच ठेवा.

दुसरा दावा: "एफएसटॅबमध्ये एसडीबी लिहा, हे नाव कायम असतं." नसतं. एफएसटॅब म्हणजे मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी, आणि एसडीबी म्हणजे लिनक्सने डिस्कला दिलेलं डिव्हाइसचं नाव. एफएसटॅबचं मॅन्युअल उघडा. लेबल किंवा यूयूआयडी (फाइलसिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरा, अशी शिफारस तिथेच आहे, कारण डिव्हाइसची नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात आणि डिस्क जोडली-काढली की बदलू शकतात. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं आणि बॅकअप भलत्याच डिस्कवर गेला तर कोणाला विचारणार? डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके डॅश एफ ही कमांड चालवा, यूयूआयडी तिथे दिसतो. एफएसटॅबमध्ये बाहेरच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्यायही लिहा, नाहीतर डिस्क नसताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतं.

"1 टीबीची डिस्क 931 दाखवते, म्हणजे डुप्लिकेट." कंपनी 1000 च्या पटीत मोजते, एलएसबीएलके 1024 च्या. दुकानदाराशी भांडू नका.

"5 टक्के जागा सिस्टम खाते" यात मात्र तथ्य आहे. एक्स्ट-फोर तेवढी जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखतं. नुसत्या फोटोंच्या डिस्कवर ट्यून-टू-एफएस डॅश एमने ती कमी करता येते. मान्य.

"एमबीआर कुठल्याही डिस्कला चालतं": एमबीआर म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत. 512 बाइटच्या सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या कप्प्यांवर) 2 टीबीच्या थोडं पुढे ते थांबतं. 4 टीबीला जीपीटी ही नवी पद्धतच हवी.

ज्यांनी एमकेएफएस आधीच चालवलंय, त्यांनी ती डिस्क लगेच अनमाउंट करावी (सिस्टमपासून सोडवावी) आणि तिच्यावर एकही नवी फाइल टाकू नये. फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा, पण सापडलेले फोटो दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. जुनी नावं परत मिळणार नाहीत.