दोन मिनिटांत बंद पडणाऱ्या वेल्डिंग मशीनबद्दल

नमस्कार. तुमचा अभिप्राय आणि तिन्ही फोटो नीट पाहिले. तुमच्या तक्रारी तीन आहेत: जुन्या गाडीच्या सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीला, वेल्डिंगची टॉर्च लावताच भोक पडतं, सगळीकडे ठिणग्यांचे गोळे चिकटतात आणि चेसिसच्या पट्टीवर फुल करंटला मशीन दोन मिनिटांत बंद पडतं. म्हणून मशीन खराब आहे आणि आम्ही तुम्हाला फसवलं, असं तुम्ही लिहिलंय.

मशीन खराब नाही. पण तुमच्या कामाला ते चुकीचं आहे, आणि ती चूक आमची. काउंटरवर तुम्हाला जास्तीत जास्त अँपिअर किती ते सांगितलं गेलं. गाडीच्या पत्र्यासाठी विचारायचं असतं उलटं: करंट कमीत कमी किती खाली येतो? ढोबळ हिशोबानं १ मिमी जाडीला ४० अँपिअर लागतात. बॉडीचा पत्रा ०.८ मिमीच्या आसपास, म्हणजे ३०-३२ पुरे. तुमचं मशीन ५० च्या खाली येतच नाही. त्यात बिनगॅसची, म्हणजे आत पावडर भरलेली आणि बाहेरचा गॅस न लागणारी, ०.९ मिमी वायर. गंजानं आधीच पातळ झालेला पत्रा तिथं टिकणार कसा?

गोळ्यांचं कारण तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे. झाकण उघडं आहे आणि टॉर्चची केबल प्लसच्या बोल्टला दिसते. बिनगॅसच्या वायरला टॉर्च मायनसवर आणि अर्थची केबल, म्हणजे पत्र्याला चिमट्यानं लावतो ती, प्लसवर हवी. ही केबल आम्हीच बदलून द्यायला हवी होती. ती बदलल्यावर गोळे बरेच कमी होतील, भोकं मात्र थांबणार नाहीत.

बंद पडण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. या मशीनची ड्यूटी सायकल फुल करंटला २० टक्के आहे, म्हणजे १० मिनिटांत २ मिनिटं वेल्डिंग आणि ८ मिनिटं विश्रांती. पिवळा दिवा लागला की मशीन स्वतःला वाचवत असतं. तेव्हा स्विच बंद करू नका, आतला पंखा फिरू द्या.

मशीन परत आणा. त्याऐवजी ३० अँपिअरपर्यंत खाली येणारं गॅसचं मिग (वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) देतो, ०.६ मिमी वायर आणि ती ढकलणारा रोलर बसवून. गॅस आर्गॉन-सीओटू मिश्रणाचा घ्या. नुसत्या सीओटूवरही काम होतं, पण ठिणग्या जास्त उडतात. आणि फोटोतल्यासारखी सलग लाइन ओढू नका, पत्रा तिथंच लाटेसारखा उठलाय. वेल्डिंगचा एक छोटा टाका इथं, पुढचा लांब तिकडे, मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरत या. बॅटरीची केबल आधी काढा. जस्ताचा थर घासून टाका, त्याचा धूर छातीत बसतो.

येताना सिलचा कापलेला तुकडा आणा. नवीन मशीन त्याच पत्र्यावर, तुमच्याच हातानं चालवून बघा आणि मगच घेऊन जा. तोवर त्या सिलवर आणखी वेल्डिंग करू नका.