सुवर्ण गुणोत्तर नावाचा ताईत

व्हॉट्सॲपवर आणि डिझाइन शिकवणाऱ्या चित्रफितींत एक दावा गेली काही वर्षे अखंड फिरतो आहे. त्याचा आशय असा: १.६१८ हे ‘सुवर्ण गुणोत्तर’ (आयताची लांब बाजू आखूड बाजूच्या इतकी पट) निसर्गानेच ठरवून दिलेले सौंदर्याचे प्रमाण असून ते शंखात आहे, ग्रीसमधल्या पार्थेनॉनमध्ये आहे, मोनालिसात आहे आणि आपल्या प्राचीन मंदिरांतही आहे. माणसाच्या डोळ्याला तेच सर्वाधिक भावते. म्हणून पोस्टर असो की लोगो, मांडणी या प्रमाणात बसवली की ती सुंदर होतेच. सोबत एखाद्या चित्रावर ओढलेली सोनेरी सर्पिल रेषा असतेच असते. यातला शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर विसंबलेला नवशिका चौकटीच्या आत काय आहे हे पाहणेच सोडून देतो. पण आधी पुरावे म्हणून पुढे केलेल्या गोष्टी एकेक करून पाहू.

शंखापासून सुरुवात करू. चित्रांत दिसतो तो नॉटिलस या सागरी प्राण्याचा मधोमध कापलेला शंख. तो वाढताना आकारमान बदलते पण आकार तोच राहतो, आणि म्हणून त्याची वाढ लॉगरिदमिक, म्हणजे दर वेढ्याला ठरावीक पटीने रुंदावणाऱ्या, सर्पिलाच्या जातीची असते, इथपर्यंत दावा बरोबर आहे. मात्र सुवर्ण सर्पिल (दर पाव वेढ्याला १.६१८ पट रुंदावणारे) एका पूर्ण वेढ्यात सुमारे ६.८५ पट रुंदावते, तर नॉटिलस साधारण तिपटीनेच. एकावर एक ठेवले तर दोन्ही पहिल्याच वेढ्यात एकमेकांपासून दूर जातात. सूर्यफुलाचे उदाहरण मात्र खरे आहे: त्याच्या बियांच्या वळणदार रांगा मोजल्या तर ३४ आणि ५५ असे फिबोनाची क्रमातले आकडे बहुधा मिळतात (या क्रमात प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज असतो आणि लगतच्या आकड्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जाते). परंतु ते बिया दाटीने बसवण्याचे गणित आहे, आणि त्यावरून पोस्टरवर शीर्षक कुठे असावे हे कसे ठरते, ते कोणीच सांगत नाही.

पार्थेनॉनची मोजमापे उपलब्ध आहेत. ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभ्या राहिलेल्या या मंदिराचा चौथरा सुमारे ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे, म्हणजे प्रमाण २.२५, अर्थात ९:४. खांबांच्या मध्यांमधील अंतर आणि खांबाचा तळाकडचा व्यास यांचेही प्रमाण जवळजवळ हेच आहे. एकच साधे पूर्णांकी प्रमाण लहान भागात आणि मोठ्या भागात पुन्हा पुन्हा योजणे ही त्या वास्तूतली खरी शिकण्याजोगी गोष्ट, आणि फिरत्या चित्रात नेमकी तीच झाकली जाते. त्या चित्रातला सोनेरी आयत दर्शनी भागावर बसतो खरा, पण पायऱ्या धरायच्या की सोडायच्या आणि मोडलेल्या त्रिकोणी शिखराचे टोक कुठे कल्पायचे, हे आयत काढणाऱ्याच्या सोयीने ठरते. शिवाय या गुणोत्तराची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लेखी व्याख्या युक्लिडची, सुमारे ख्रिस्तपूर्व ३०० मधली. ती निव्वळ भूमितीची आहे आणि तिच्यात सौंदर्याचा शब्दही नाही. ‘सुवर्ण’ हे विशेषण तर जर्मनीत १८३५ मध्ये छापील रूपात आले, आणि १८५४ मध्ये आडोल्फ झायसिंग या जर्मन विचारवंताने मानवी देहापासून कलेपर्यंत सर्वत्र हेच प्रमाण असल्याचे प्रतिपादन केल्यावर त्याचा खरा बोलबाला झाला. आज ‘प्राचीन रहस्य’ म्हणून जे फिरते, त्याचे वय पावणेदोनशे वर्षांच्या आसपास आहे.

लिओनार्दोचे नाव यात येते ते लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १५०९ मध्ये छापलेल्या ग्रंथामुळे. ग्रंथ याच गुणोत्तरावर होता आणि त्यातल्या बहुपृष्ठकांची (अनेक सपाट बाजूंच्या घनाकृतींची) चित्रे लिओनार्दोने काढून दिली होती. तेवढ्यावरून मोनालिसा सुवर्ण प्रमाणात रचली असे ठरत नाही. ते चित्र ७७ × ५३ सेंटिमीटरच्या लाकडी फळीवर आहे, प्रमाण १.४५. ‘द लास्ट सपर’ हे त्याचे भित्तिचित्र सुमारे ८८० × ४६० सेंटिमीटरचे, म्हणजे १.९१. त्यात ख्रिस्त बरोबर मध्यभागी बसला आहे आणि छताच्या, भिंतींच्या सगळ्या रेषा त्याच्या मस्तकाकडे धावतात. नजर तिथे का जाते, याचे उत्तर भिंतीवरच दिसते. त्यासाठी वरून वेटोळे ओढावे लागत नाही.

आपल्या परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी आपल्याच ग्रंथांकडे पाहिलेले दिसत नाही. ‘मानसार’ हा वास्तुशास्त्राचा संस्कृत ग्रंथ वास्तूच्या रुंदीच्या तुलनेत उंचीची प्रमाणे एकपट, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट आणि दुप्पट अशी सांगतो. मूर्तिकाराचे नवताल मान म्हणजे नऊ ताल, प्रत्येकी बारा अंगुळे, एकूण १०८. ही सुतार-पाथरवटांना दोरीने मोजता येणारी मापे आहेत. छंदशास्त्रकार विरहांक आणि पुढे १२व्या शतकात हेमचंद्र यांनी १, २, ३, ५, ८ हा क्रम फिबोनाचीच्या आधी दिला याचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते लघु-गुरूंपासून किती मात्रावृत्ते बनतात हे मोजत होते, मंदिरे नव्हे.

आता ‘डोळ्याला तेच भावते’ हा मुद्दा, कारण त्याला विज्ञानाचा आधार सांगितला जातो. गुस्ताव फेखनर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांपुढे दहा आयत ठेवले होते आणि सुमारे ३५ टक्के लोकांनी सुवर्ण आयत निवडला, हे खरे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या आयतांनाही प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आसपास पसंती मिळाली होती; म्हणजे लोकांना फार चौकोनीही नाही आणि फार लांबटही नाही असा आयत बरा वाटला, इतकाच त्याचा अर्थ. ज्याचा उल्लेख कोणी करत नाही तो भाग असा की, याच फेखनरने संग्रहालयांतली हजारो चित्रे मोजली आणि त्यांत उभ्या चित्रांचे प्रमाण साधारण ५:४, तर आडव्यांचे ४:३ निघाले. रिकामा आयत आवडणे वेगळे आणि भरलेली चौकट रचणे वेगळे.

प्रमाणाला महत्त्व नाही, असे माझे म्हणणे नाही. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएने सुवर्ण गुणोत्तरावर ‘मोड्युलॉर’ ही मापपद्धती जाणीवपूर्वक बेतली आणि चंदीगडमध्ये ती वापरली. ए-४ कागदाचे १.४१४ हे प्रमाण तर नेमक्या कारणासाठी निवडलेले आहे: कागद मधोमध दुमडला तरी अर्ध्याचे प्रमाण तेच राहते. प्रमाणाने काहीतरी काम करावे, ही माफक अपेक्षा.

आणि शेवटचा दावा, म्हणजे प्रमाण साधले की मांडणी साधते. ‘प्ले’चे बटण घ्या. वर्तुळात ३० एकक रुंदीचा त्रिकोण मोजून मधोमध ठेवला तर तो डावीकडे सरकल्यासारखा दिसतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य उभ्या बाजूपासून १५ नव्हे, १० एककांवर असतो. त्याला पाच एकक उजवीकडे न्यावे लागते. वर्तुळ आणि चौरस एकाच उंचीचे काढले तर वर्तुळ लहान दिसते, म्हणून ते किंचित मोठे करतात. पानाच्या अचूक मध्यावर ठेवलेली वस्तू खाली घसरल्यासारखी वाटते. आकाराचा भार, त्याचा कल आणि भोवतालची मोकळी जागा हे सगळे एकमेकांवर अवलंबून असते.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने सरावासाठी केलेले दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ दाखवायला आणले. संगणकात चित्रावर सर्पिलाचा लेयर (पारदर्शक थर) चालू होता आणि त्याचा डोळा, म्हणजे मधला बिंदू, बरोबर पणतीच्या ज्योतीवर होता. शीर्षक दोन ओळींचे होते, वर ‘दूर’ आणि खाली ‘गेलेली गावे’. ‘दू’चा ऊकार खालच्या ‘गे’च्या मात्रेत घुसला होता, आणि दोन शिरोरेषांचे जाड पट्टे इतके जवळ आले होते की शीर्षकाआधी तेच दिसत. प्रथम आम्ही ओळींमधले अंतर वाढवले. शीर्षकाने जास्त जागा घेतल्यावर पणती खाली दबलेली वाटू लागली, म्हणून ती वर उचलून थोडी लहान केली. मग डावा समास ओस पडला, तेव्हा शीर्षक आत घेतले. पाऊण तास गेला. शेवटी तिने सर्पिल पुन्हा चालू केले, तर त्याचा डोळा आता रिकाम्या निळ्या पार्श्वभूमीत कुठेतरी पडत होता. तिने लेयर आडवा उलटवला, जरासा ताणला, आणि तो ज्योतीवर पुन्हा अचूक बसला.