ओस्लोतली पिवळी चिठ्ठी आणि आपलं 26/11

मुंबईत 26/11चं संग्रहालय असावं का, यावर नोव्हेंबर आला की आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपते. मावसभाऊ म्हणतो, कसाबचा फोटो भिंतीवर लावून त्याला कशाला मोठं करायचं? आत्याचा मुद्दा वेगळा: ज्यांचं माणूस गेलं त्यांनी पुन्हा पुन्हा तेच बघायचं का? मी नॉर्वेत, ओस्लोत राहतो, त्यामुळे 'तिकडे बसून तुझं काय जातंय' हेही ऐकून घेतो. पण हेच दोन्ही आक्षेप इथेही घेतले गेले होते. त्यांचं पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं आहे.

22 जुलै 2011ला दुपारी साडेतीनच्या सुमारास इथल्या सरकारी कचेऱ्यांसमोर खतापासून केलेला बॉम्ब भरलेली व्हॅन फुटली. आठ माणसं गेली. व्हॅन लावणारा पोलिसाच्या वेषात उटोया बेटावर पोचला. तिथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचं शिबिर चालू होतं. त्याने 69 जणांना मारलं, त्यात शाळकरी वयाची पोरंही कितीतरी. मारेकरी कोण हे कळायच्या आधीच ओस्लोच्या रस्त्यांवर मुसलमान दिसणाऱ्यांना शिवीगाळ सुरू झाली होती, आणि अशा वेळी आपल्यासारखे सावळे त्यातच मोजले जातात. निघाला तो ओस्लोचाच, सोनेरी केसांचा.

चार वर्षांनी, स्फोट झालेल्या इमारतीच्या तळमजल्यावरच '22 जुलै केंद्र' उघडलं. पुढे पुनर्बांधणी निघाली तेव्हा ते काही काळ जवळच्या जागेत हलवावं लागलं. व्हॅनचे अवशेष आणि मारेकऱ्याचं बनावट पोलीस ओळखपत्र तिथे मांडणार म्हटल्यावर ओरड झाली, की हे त्याचंच स्मारक होणार. वस्तू तरीही मांडल्या, आणि माझ्या मते बरोबर केलं. ते वाकलेलं, फाटलेलं लोखंड बघून कुणाला त्याची भक्ती लागेल असं मला तरी वाटत नाही. शाळांचे वर्ग येतात. त्यातली बरीच मुलं 2011 नंतर जन्मलेली. त्यांना नुसतं 'काय झालं' सांगून भागत नाही. आपल्याच गावातला माणूस इथवर कसा पोचला, हे ती विचारतात.

आत्याच्या प्रश्नाला मात्र सोपं उत्तर मिळालेलं नाही. उटोयावरचं कॅफे पाडायचं ठरलं, तेव्हा मृतांच्या काही घरच्यांनीच ते थांबवायला लावलं. शेवटी त्या कॅफेचा, जिथे 13 जण मारले गेले, तो भाग राखून त्याभोवती नवं घर बांधलं: आत 69 खांब, बाहेर वाचलेल्यांसाठी 495 लाकडी पट्ट्या. किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय स्मारकाला शेजाऱ्यांचा विरोध, कोर्टकचेरी, आधीची योजना 2017 साली रद्द. 77 ब्राँझचे खांब उभे राहायला 2022 उजाडलं. म्हणजे भांडण इथेही झालंच, सभ्य भाषेत झालं इतकंच.

पण मला मुंबईसाठी हवी आहे ती गोष्ट वेगळी. 2012च्या ऑगस्टमध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि सगळ्या देशाने वाचला. सरकारी कचेऱ्यांसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचं आधीच ठरलं होतं. तो बंद झालाच नव्हता. स्फोटानंतर काही मिनिटांत एका नागरिकाने पोलिसांना संशयिताचा गाडीनंबर कळवला होता, तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून टेबलावर पडून राहिला. हेलिकॉप्टरची माणसं सुट्टीवर. बेटाकडे निघालेल्या पोलिसांची रबरी बोट वजनाने पाण्याखाली जायला लागली. अहवालानंतर काही दिवसांत पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे 26/11ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल 2009 साली आला तेव्हा सुरक्षेचं कारण सांगून सरकारने तो आधी पूर्ण मांडायचंच टाळलं. आज कसाबला पकडताना मारले गेलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीजवळ आहे, 26 नोव्हेंबरला पोलीस स्मारकावर पुष्पचक्रं वाहिली जातात, लिओपोल्ड कॅफेच्या भिंतीतली गोळ्यांची भोकं बघायला पर्यटक येतात. यातलं काहीच मला खटकत नाही. पण ओंबळेंच्या हातात लाठीच का होती? त्या रात्री मारले गेलेले एटीएसप्रमुख हेमंत करकरे यांच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काय झालं? एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून यायला इतके तास का लागले? पुतळ्यापुढे उभं राहिलेल्या पोराला हे कोण सांगणार? शौर्याची पूजा आपण मनापासून करतो. त्या शौर्याची वेळ कुणामुळे आली, हे विचारलं की मात्र आपल्याला पोलिसांचा अपमान वाटायला लागतो. सीएसएमटीवर गोळ्या सुटत असताना प्रवाशांना बाहेर काढणारा उद्घोषक या संग्रहालयात हवाच, पण ही प्रश्नांची खोलीही हवी.

नॉर्वेचं एक बरं आहे, हेही मान्य करतो. एक दिवस, एक मारेकरी, कृत्य त्याने स्वतःच कबूल केलेलं, तेरा महिन्यांत निकाल. मुंबईला 1993 आहे, 2006 आहे, 2008 आहे. 2006च्या लोकल स्फोटांत 180हून अधिक माणसं गेली. 2015 साली विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी धरलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली; जुलै 2025मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. मावसभाऊ विचारतो, मग पाटीवर लिहायचं काय?

हेच सगळं लिहायचं, तारखांसकट. स्फोट कुठे झाले, किती गेले, कुणाला पकडलं, ते किती वर्षं आत होते, उच्च न्यायालयाने पुराव्यांबद्दल काय म्हटलं. आणि 'हे कुणी केलं' या रकान्यात काही लिहिता येत नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवून पाटी लावायची.