स्क्रीन बदलण्याआधी अर्थची वायर तपासा

गाडीची स्क्रीन मधेच बंद पडते, आपोआप पुन्हा सुरू होते, बोट न लावता गाणी बदलते, रिव्हर्स टाकला की काळी होते. दुकानात नेली की ऐकू येतं, "सिस्टिम गेली, नवीन टाका." अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही मल्टिमीटर न लावता असं सांगणं चूक आहे, हे माझं ठाम मत. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा स्क्रीनच्या आधी वायरींचे जोड खातो. म्हणून आधी करंट येण्या-जाण्याचा मार्ग तपासायचा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4 दिसतं. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली घसरली तर आधी बॅटरीचं बघा. सेल्फच्या वेळी स्क्रीन क्षणभर जाणं हा बिघाड नव्हे. चालत्या गाडीत जात असेल तर तो बिघाड.

फ्यूज नुसता बघून ठरवू नका. त्याच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा छोटा दिवा) दोन्हींवर पेटला पाहिजे. आणि 10 अँपिअरचा लाल फ्यूज उडाला म्हणून 20 चा पिवळा कधीही टाकू नका. मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते.

आता अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी वायर. इथे वेळ द्या. स्क्रीन चालू, आवाज मोठा, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर, त्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन हेड युनिटच्या, म्हणजे स्क्रीन-स्टिरिओच्या डब्याच्या, काळ्या वायरीवर. मीटरची वायर पोचत नाही, त्यासाठी तीनेक मीटर जादा वायर जोडून घ्या. 0.1 व्होल्टपर्यंत ठीक. 0.5 आलं तर दोष सापडला. हिशोब साधा आहे: गंजलेल्या जोडात 0.2 ओहम अडथळा असला आणि आवाज वाढवल्यावर 5 अँपिअर ओढले गेले, तर पूर्ण 1 व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि युनिट रीस्टार्ट होऊ शकतं.

अर्थचा बोल्ट बहुतेक वेळा डॅशबोर्डखाली पायाजवळच्या पत्र्याला असतो. वरून घट्ट दिसतो, पण सोडवल्यावर रिंगच्या खालच्या अंगाला हिरवी पूड निघते. पितळेत ताक कळकावं तशी तांब्याची तार कळकलेली असते. रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, मग वरून व्हॅसलिन फासा. आधी फासून आवळू नका. तारच आतून काळी पडली असेल तर चांगली तांब्याची लागेपर्यंत कापून नवी रिंग चेपा.

बाहेरून बसवलेल्या युनिटमध्ये पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीची. चावी काढली की सेटिंग पुसलं जात असेल तर पिवळी तुटली आहे किंवा दोघींची अदलाबदल झाली आहे. पिळून टेप गुंडाळलेले जोड तर आपल्याकडे नकोतच. एका पावसाळ्यात टेपचा डिंक सुटतो. गाडीची मूळ वायर न कापता कपलर (तयार प्लग-जोड) लावून घ्या. जोड द्यावाच लागला तर सोल्डर आणि वरून श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी).

कॅमेरा काळा पडत असेल तर आधी डिकीच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप मागे सरकवा. डिकी उघडून-मिटून वायरी तिथेच तुटतात. दाभोळ-धोपाव्यासारख्या फेरीने रोज गाडी नेणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या काचेखाली बाष्प आहे का तेही बघावं. सील गेलेला कॅमेरा वाळवून फार दिवस चालत नाही, तो बदला.

आपोआप टच होत असेल तर चार्जर उपसून बघा, मग स्क्रीनवर वरून चिकटवलेली जादा काच (स्क्रीन गार्ड) काढून बघा. स्वस्त चार्जरचा विद्युत गोंगाट टचला भुलवतो. हेअर ड्रायर मात्र लावू नका, स्क्रीनचाच डिंक सुटतो. अँड्रॉइड ऑटो (फोन स्क्रीनवर दाखवणारी सोय) मधेच तुटत असेल तर एक मीटरच्या आतली, डेटा वाहणारी केबल घ्या आणि फोनच्या पोर्टमधली धूळ लाकडी काडीने काढा.

गणपतीनंतर गाडी गावी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी एक मोजणी नक्की करावी. चावी काढा, मीटर 10 अँपिअरवर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह शिसं आणि त्यावरून काढलेली वायर यांच्या मधे जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग आकडा बघा. 0.05 अँपिअरच्या आत हवं. युनिट झोपत नसेल आणि 0.2 ओढत असेल तर रोज 4.8 अँपिअर-तास जातात. 45 अँपिअर-तासांची बॅटरी नऊ-दहा दिवसांत रिकामी. दोष दुरुस्त होईपर्यंत 10 नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेवा, पण स्टिरिओला कोड असेल तर आधी लिहून घ्या.