हे कधीपासून होतंय?

माझ्या लेकीला फिट्स येतात. फेफरं, मिरगी, आकडी, जे म्हणायचं ते म्हणा. ती नऊ वर्षांची आहे. इंदूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय, कारण नाताळाच्या आदल्या रविवारी, उपासनेत दुसरं गीत चालू असताना तिला फिट आली. हातातलं गीतांचं पुस्तक पडलं, मान एका बाजूला वळली आणि उजवा हात झटके द्यायला लागला. कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. मागून एक काका ‘येशूच्या नावाने नीघ’ म्हणून ओरडायला लागले. मी तिला कुशीवर वळवलं, बायकोची शाल डोक्याखाली सारली आणि घड्याळाकडे बघत बसलो. दोन मिनिटं दहा सेकंद. मग ती गाढ झोपली. माझ्या बाहीवर तिची लाळ होती.

त्या काकांवर माझा राग नाही, घाबरलेला माणूस सुचेल ते करतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे आणि त्यात माझा स्वतःचाही वाटा आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला एका चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेला नेलं. बाहेरगावच्या उपदेशकाने तिच्या कपाळाला तेल लावलं, प्रार्थना केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की औषध चालू ठेवलंत तर तुमचा विश्वासच नाही. मी औषध बंद केलं. बायको नको नको म्हणत होती, तिचं ऐकलं नाही. चौथ्या रात्री फिट आली ती थांबेचना. रिक्षात, पलासियाच्या सिग्नलला, ती माझ्या मांडीवर झटके देत होती आणि रिक्षावाला कळवळून सांगत होता, ‘भैया, प्याज सुंघा दो.’ दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा झटके थांबले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कधी चुकलं? माझ्या तोंडून शब्द फुटेना. बायकोने सांगितलं.

फिटचं औषध असं एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मेंदूतल्या पेशींचं काम विजेच्या बारीक संदेशांवर चालतं. पुष्कळ पेशी एकाच वेळी बेताल होऊन संदेश सोडायला लागल्या की फिट येते. एवढंच आहे ते. त्यात बाहेरचं काही नाही, कोणाची नजर नाही, आईबापांचं पाप नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबू शकतात. आमच्या लेकीच्या अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत. औषधाने ती चिडचिडी होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्या चिडचिडीलाही लोकांनी सैतान म्हटलं, तेव्हा बायको रात्रभर रडली.

आता पवित्र शास्त्राबद्दल, म्हणजे बायबलबद्दल. मला नेहमी मार्कचा 9वा अध्याय ऐकवतात, जिथे एक बाप झटके येणाऱ्या आपल्या मुलाला येशूकडे आणतो. असल्या आत्म्यांची ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही, म्हणतात. त्या मुलात अशुद्ध आत्मा होता असं तिथे लिहिलंय, ते मी नाकारत नाही. पण मत्तय 4:24 काढून बघा. बऱ्या झालेल्यांच्या यादीत भूतग्रस्त वेगळे आहेत आणि फेफरेकरी वेगळे. शास्त्राने जे वेगळं ठेवलं ते आपण एक का करायचं? आणि मत्तयाच्या 17व्या अध्यायात, त्याच मुलाच्या गोष्टीत, अल्पविश्वासाचा ठपका कोणावर येतो? ज्यांना त्या मुलाला बरं करता आलं नाही, त्या शिष्यांवर. मुलावर नाही. मार्कमध्ये मुलाचा बाप तर उघड म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या बापाला प्रभूने परत पाठवलं नाही. उलट आधी विचारलं, हे याला कधीपासून होतंय? आमच्या न्यूरोलॉजिस्टनी पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं. त्या दिवशी मला त्या टेबलापलीकडे प्रभू बसल्यासारखा वाटला. मला हे आजही मनापासून वाटतं.

माझी आजी, नगरकडून आजोबांच्या मागे इथे गिरणीच्या चाळीत आलेली, तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. आम्हाला सांगायचे, चुलीशी चक्कर आली. तिलाही फेफरं होतं, हे ती गेल्यावर आत्याने सांगितलं. मत्तयात त्या मुलाबद्दलचं ‘वारंवार विस्तवात पडतो’ हे वाक्य वाचलं की मला तो हात दिसतो. तिच्यासाठी घरात प्रार्थना भरपूर झाली असेल. औषधाची बाटली कधी आली नाही.

आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ आठ वाजता गजर होतो. मी सिरिंजने सिरप मोजतो, तिघं मिळून प्रार्थना करतो, मग ती औषध घेते. ही माझी प्रार्थनाच आहे. ती बरी व्हावी म्हणून अजून रोज मागतो, आणि औषधाचा एकही डोस चुकवत नाही.

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्हाला दहा मिनिटं दिली आहेत. कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही का घालायचं नाही, हातपाय का दाबून धरायचे नाहीत, पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर लगेच दवाखाना, एवढं दाखवणार आहोत. त्या काकांना मी स्वतः फोन करून बोलावलंय. खाली झोपून कोण दाखवणार, असं मी घरी विचारलं, तर लेक म्हणाली, ‘बाबा, मीच की.’