विमा कंपनीला माहिती देणाऱ्याला सरसकट अभय नाही

‘न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीला कोणाचीही खासगी माहिती द्या, तुमच्यावर दावा होऊच शकत नाही,’ असे सांगितले जाते. हे चूक आहे, आणि घातकही.

तिथल्या विमा कायद्याचे कलम ४०६ संरक्षण देते ते विम्यातल्या संशयित फसवणुकीबद्दलच्या माहितीला. तेही माहिती देणाऱ्याने लबाडी केली नसेल, मनात दुष्ट हेतू नसेल तरच. आणि फक्त दिवाणी दाव्यापुरते. शेजाऱ्याचे आजारपण किंवा कर्मचाऱ्याची औषधे फसवणुकीचा संशय नसताना कळवली, तर हे कलम पाठीशी उभे राहत नाही. आजाराचा तपशील एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही, म्हणून ही मर्यादा मला फार मोलाची वाटते.

रुग्णालयांना शिवाय १९९६चा ‘हिपा’ हा रुग्णांची माहिती खासगी ठेवण्याबाबतचा अमेरिकी कायदा लागू आहे: बिलासाठी माहिती देता येते, पण सहसा गरजेपुरतीच.