‘दोन जावांनी घर फोडलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

वॉलिसशी लग्न करण्यासाठी गादी सोडणारा इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड आणि त्याच्या जागी राजा झालेला त्याचा धाकटा भाऊ सहावा जॉर्ज यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘भावांचं चांगलं चाललं होतं, दोन जावांनी घर फोडलं. त्या जन्माच्या वैरिणी. तुम्ही वॉलिसची उगाच पाठराखण केलीत.’ तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

जावांचं पटत नव्हतं हे खरंच, आणि ते मी दोन वाक्यांत उरकलं ही माझी चूक. वॉलिस जॉर्जच्या बायकोला, एलिझाबेथला, ‘कुकी’ म्हणून हिणवायची. एलिझाबेथच्या लेखी वॉलिस म्हणजे ‘ती बाई’. आपला नवरा जॉर्ज ५६व्या वर्षी गेला तो अंगावर पडलेल्या गादीच्या ओझ्याने, हे तिच्या मनात घर करून होतं.

पण घर फुटलं त्या दिवसांत कोण कुठे होतं ते बघा. १० डिसेंबर १९३६ला फोर्ट बेल्व्हेडियर या आपल्या घरी एडवर्डने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली. खाली साक्षीदार म्हणून तिघा भावांच्या सह्या. एलिझाबेथ तेव्हा फ्लूने अंथरुणाला खिळलेली आणि वॉलिस फ्रान्समध्ये. दुसऱ्या रात्री रेडिओवर एडवर्ड म्हणाला की माझ्या भावाला बायको-मुलांचं सुखी घर लाभलंय, ते सुख मला मिळालं नाही. मग विंडसरला निरोप घेताना दोघांनी एकमेकांचा मुका घेतला आणि थोरला धाकट्यापुढे राजा म्हणून वाकला. जॉर्जने हे डायरीत लिहून ठेवलंय. हे वाचताना दर वेळी माझा घसा दाटून येतो.

त्यानंतर बिनसलं ते पैशावरून. राज्यत्यागाच्या वेळी पैशाची बोलणी चालू असताना एडवर्डने आपल्या गाठीशी किती आहे ते फार कमी करून सांगितलं होतं. बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम ही घराण्याची दोन घरं बापाकडून त्याच्याकडे आलेली, ती जॉर्जला त्याच्याकडून विकत घ्यावी लागली. खरा आकडा कळल्यावर जॉर्जला काय वाटलं असेल! तरी गादी सोडून ऑस्ट्रियात जाऊन राहिलेल्या एडवर्डचे फोन चालूच, कधी पैशासाठी, कधी राज्य कसं करायचं हे सांगायला. शेवटी जॉर्जने ते घेणंच बंद केलं.

माझ्या आजोळी वाटणीचा कागद दोन मामांनी केला आणि गावात नाव झालं माम्यांचं. म्हणून तुमचं वाक्य मला लागलं. मराठीत याला भाऊबंदकीच म्हणतात ना?

मे १९३७मध्ये, लग्नाला आठवडा असताना, एडवर्डला कळवण्यात आलं की ‘रॉयल हायनेस’ हा मान त्याच्यापुरताच, बायकोला नाही. सासूबाई आणि एलिझाबेथ दोघींना तेच हवं होतं, हे मी लपवत नाही. पण हुकूम निघाला तो राजाच्या, म्हणजे सख्ख्या भावाच्या, नावाने. ३ जूनला फ्रान्समध्ये लग्न लागलं तेव्हा घरातलं कुणीही आलं नाही. एडवर्डने ही सल मरेपर्यंत उराशी धरली.

आता तुमच्या ‘जन्माच्या वैरिणीं’बद्दल. १९७६मध्ये एलिझाबेथ पॅरिसला गेली. तोवर दोघीही विधवा. वॉलिस इतकी आजारी होती की भेट होऊ शकली नाही, तेव्हा एलिझाबेथने तिच्या घरी गुलाब पाठवले. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘मैत्रीपूर्वक, एलिझाबेथ’.